पाणी जिथे शिरतं

आजीला खुर्चीतून उठायला वेळ लागायचा. आधी ती पाय जमिनीवर टेकवून दहाबारा वेळा मागेपुढे हलवायची, मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवायची आणि म्हणायची, "हां, आता हात दे गं." मी हात द्यायचे. उठताना तिच्या तोंडून एक बारीक हुंकार निघायचा आणि तिचं सगळं वजन माझ्या मनगटावर येऊन जायचं. जेमतेम दोन सेकंद. मग ती चालू लागायची आणि मी माझ्या उद्योगाला लागायचे.

त्या दोन सेकंदांत तिच्या खुब्याच्या सांध्यात काय होत असेल, याचा अंदाज मला फार उशिरा आला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका रुग्णाच्या खुब्यात बसवलेल्या कृत्रिम गोळ्यामध्ये दाब मोजणारे छोटे संवेदक ठेवले होते. माणूस चालताना, जिना चढताना, उठताबसताना समोरच्या कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत, लवचिक थरावर, किती दाब येतो ते त्यातून थेट कळत होतं. सर्वांत मोठा आकडा नोंदला गेला तो खुर्चीतून उठताना, १८ मेगापास्कल. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण एक वातावरण धरला, तर हा त्याच्या जवळजवळ १८० पट झाला. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की एक वातावरण वाढतं. म्हणजे हा दाब सुमारे १,८०० मीटर खोल पाण्यातला, जिथे सूर्याचा उजेड पोहोचत नाही तिथला.

आणि कूर्चा म्हणजे काही निर्जीव गादी नाही. तिच्यात पेशी असतात. त्या पेशींत हजारो प्रकारची प्रथिनं आपापल्या घड्या सांभाळत काम करत असतात. माझी आजी उठायची तेव्हा त्या सगळ्या एका क्षणात समुद्राच्या काळोखात जाऊन परत येत होत्या. हे वाचल्यापासून दाब हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

दाब म्हटलं की आपल्याला चिरडणं आठवतं. चाकाखाली सापडलेली वस्तू, बुटाखाली आलेलं फूल. पण तो एका बाजूने आलेला जोर असतो. पाण्यातला दाब चारी बाजूंनी सारखा येतो, आणि त्याची गोष्ट पार वेगळी आहे. एखादं द्राक्ष पाण्याने भरलेल्या पिशवीत घालून हजारो वातावरणांखाली ठेवलं आणि बाहेर काढलं, तर ते गोलच्या गोल असतं. फुटत नाही, चपटं होत नाही. कुणी त्याला एका बाजूला ढकलतच नाही, तर ते मोडणार कसं? तरीही त्याच्या आत मोठी उलथापालथ झालेली असते.

ही उलथापालथ पहिल्यांदा ठळकपणे दाखवली ती हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी, १९१४ साली. ब्रिजमन भौतिकशास्त्रज्ञ. जाड पोलादी नळकांड्यांत द्रव भरून त्यावर प्रचंड दाब आणायचा आणि पदार्थ कसे वागतात ते पाहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दाब जितका वाढेल तितकी आणखी घट्ट बसणारी बंदिस्ती त्यांनी शोधली होती, त्यामुळे इतरांचं उपकरण जिथे गळायला लागायचं तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. पण मला त्यांचं आवडतं काम म्हणजे एका जैवरसायनशास्त्राच्या नियतकालिकात आलेलं दोन पानी टिपण. त्यांनी अंड्याचा पांढरा बलक नळकांड्यात भरला. पाच हजार वातावरणांखाली तो घट्टसर झाला. सात हजार वातावरणांखाली अर्धा तास ठेवला तेव्हा बाहेर निघाला तो उकडलेल्या अंड्यासारखा, पांढराशुभ्र आणि गोठलेला. उष्णता मुळीच दिलेली नव्हती. उलट आणखी एक चक्रावणारी गोष्ट त्यांनी नोंदवली: थंडीत हे गोठणं जास्त सहज होत होतं.

हे वाचल्यावर मी एकदा अंड्याचा पांढरा बलक मुद्दाम एका काचेच्या पेल्यात ओतला, तो पेला गरम पाण्यात ठेवला, बाजूला तापमापक धरला आणि नुसती बघत बसले. बराच वेळ काही होत नाही. पलीकडचा बोटाचा ठसा बलकातून स्वच्छ दिसत राहतो. साठ अंशांच्या आसपास काचेला लागून असलेल्या कडेवर धुरकट रेघ उमटते. कुणी काचेवर श्वास सोडावा तशी. मग ती रेघ आत सरकायला लागते, धुरकटाची साय होते, सायीचा लोळागोळा होतो. बोटाचा ठसा दिसेनासा होतो. आता पेला थंड करा, बर्फात ठेवा, तो पुन्हा दिसत नाही. जे पाहिलं ते इतकंच होतं, पण पेला धुताना मी विचार करत होते की उष्णतेने हे होतं ते समजतं. उष्णता म्हणजे रेणूंची धडपड. सगळं हलवून हलवून सैल करायचं, की घडी मोडते. पण नळकांड्यातल्या त्या बलकाला कुणी हलवलंच नव्हतं. तो शांतपणे, गारव्यात, उलगडला होता.

हे कोडं समजून घ्यायला प्रथिनाच्या पोटात डोकवावं लागतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पाण्यात ती आपली आपण घडी घालून बसते. पाण्याशी न पटणारे तेलकट भाग आत, पाण्याशी जमवून घेणारे भाग बाहेर. चित्रांमुळे ही घडी मला कायम एखाद्या भरीव गोळ्यासारखी वाटायची. ती बरीचशी भरीव असतेही. पण ओबडधोबड दगड कितीही कौशल्याने रचले तरी मध्ये फटी राहतातच, तशा प्रथिनाच्या गाभ्यातही राहतात. बहुतेक इतक्या अरुंद की त्यांत काहीच मावत नाही. काहींमध्ये मात्र पाण्याचे दोनचार रेणू सहज मावले असते. ते तिथे जात नाहीत, कारण भिंती तेलकट आहेत. पाण्याला बाहेर पाण्याची सोबत सोडून त्या कोरड्या खोलीत शिरण्यात काही सुख नसतं.

दाब वाढवला की हिशेब बदलतो. दाबाखाली कुठलीही व्यवस्था कमीत कमी जागेत बसायला बघते, हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांचा जुना नियम. प्रथिन आणि भोवतालचं पाणी यांनी मिळून व्यापलेली जागा कमी करायची तर त्या रिकाम्या फटी भरून काढणं हा सरळ मार्ग असतो. पाणी आत घुसतं. ते आत आलं की तेलकट भागांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घडी उलगडू लागते. शिवाय घडीत एकमेकांना धरून बसलेले धन आणि ऋण प्रभार मोकळे झाले की प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू नेहमीपेक्षा जास्त दाटीने गोळा होतात, तीही जागा वाचते. या सगळ्यातून वाचणारी जागा प्रथिनाच्या आकारमानाच्या एखाद्या टक्क्याहून जास्त नसते, बरेचदा त्याहूनही कमी. पण हजारो वातावरणांच्या दाबाखाली तेवढी पुरते.

मालेतले मणी मात्र तुटत नाहीत. अमिनो आम्लांना जोडणारे पक्के बंध या दाबांना दाद देत नाहीत. म्हणूनच दाबाखाली प्रथिनं उलगडतात आणि जिवाणू मरतात, पण जीवनसत्त्वं, रंग, वास यांचे छोटे रेणू बहुतांशी शाबूत राहतात. खाद्यपदार्थ टिकवण्याची एक अख्खी पद्धत यावर उभी आहे. दुधावर हा प्रयोग अमेरिकेत बर्ट हाइट यांनी १८९९ मध्येच केला होता. आज सहा हजार वातावरणांखाली काही मिनिटं ठेवून रस आणि इतर पदार्थ टिकवले जातात. त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे, पण माझं मन त्या फटींमध्ये अडकलेलं आहे.

फटींचा हा सिद्धान्त नुसता तर्क आहे असं वाटू नये म्हणून दोन प्रयोग सांगते. कॅथरीन रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूच्या एन्झाइमचे अनेक नमुने केले. प्रत्येक नमुन्यात गाभ्यातला एखादा मोठा अमिनो आम्लाचा तुकडा काढून त्याजागी छोटा बसवला, म्हणजे आत जाणीवपूर्वक एक रिकामी जागा तयार केली. कुठे इथे, कुठे तिथे. मग प्रत्येकावर दाब दिला. ज्या नमुन्यात पोकळी जास्त, त्याचं उलगडताना घटणारं आकारमान जास्त, आणि तो दाबाला तितका लवकर बळी पडला. २०१२ मध्ये त्यांनी हे मांडलं. त्याआधी २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या सॉल ग्रूनर यांच्या गटाने तर पाणी आत शिरताना जवळजवळ पाहिलंच. लायसोझाइम नावाच्या प्रथिनात त्यांनी अशीच एक मुद्दाम केलेली तेलकट पोकळी घेतली, साध्या दाबाला पूर्ण रिकामी. स्फटिकावर दोन हजार वातावरणांचा दाब ठेवून क्ष-किरणांनी चित्र काढलं, तर त्या खोलीत पाण्याचे सुमारे चार रेणू येऊन बसले होते. प्रथिन अजून उलगडलं नव्हतं. भिंती जागच्या जागी होत्या, फक्त पाहुणे आले होते.

ते चार रेणू माझ्या फार जवळचे झाले आहेत. नाशाची सुरुवात इतकी शांत असू शकते, हे मला आधी माहीत नव्हतं.

मग प्रश्न पडतो की प्रथिनं या फटी ठेवतातच का? इतक्या कोटी वर्षांत उत्क्रांतीला एक भरीव घडी जमली नसती का? मला वाटतं उत्तर हालचालीत आहे. स्नायूंमधलं मायोग्लोबिन घ्या, सगळ्या प्रथिनांत ज्याची त्रिमित रचना सगळ्यात आधी कळली. त्याच्या आत खोलवर लोहाचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला प्राणवायूचा रेणू येऊन चिकटतो. रचना हाती आली तेव्हा त्यात बाहेरून लोहापर्यंत जायला दारच दिसेना. नंतर कळलं की प्रथिन सतत थरथरत असतं, त्याच्या पोटातल्या छोट्या पोकळ्या क्षणभर जोडल्या जातात आणि प्राणवायू एका पोकळीतून दुसरीत असा सरकत आत जातो. फटी बुजवल्या असत्या तर ते प्रथिन दाबाला जास्त टिकलं असतं, पण कामाचं राहिलं नसतं. ज्या जागेतून प्राणवायू जातो त्याच जागेतून, पुरेसा दाब आला तर, पाणी शिरतं.

पूर्ण उलगडण्याच्या आधीही दाबाखाली बरंच काही घडतं. अनेक प्रथिनं एकेकटी काम करत नाहीत. दोन, चार, कधी डझनभर तुकडे एकमेकांना बिलगून एक यंत्र तयार होतं. जिथे ते बिलगतात तिथेही फटी असतात. म्हणून हजार-दोन हजार वातावरणांतच ही जुळणी सुटायला लागते, तुकडे अजून घडीत असतानाच. ब्युनोस आयरेसला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करणारे ग्रेगोरिओ वेबर यांनी हे प्रकाशाच्या साहाय्याने फार बारकाईने दाखवलं. त्यांच्या कामातली मला चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. दाब काढला की तुकडे परत जुळतात, पण काही प्रथिनं लगेच कामाला लागत नाहीत. सुटे असताना प्रत्येक तुकड्याचा आकार थोडासा ढळलेला असतो. एकत्र आल्यावर पूर्वीची ठेवण परत यायला वेळ लागतो.

दाब फक्त मोडतो असंही नाही. चुकीच्या घड्या घातलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून त्यांचे गठ्ठे होतात, औषधांसाठी प्रथिनं बनवणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी. १९९९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी असे गठ्ठे सुमारे दोन हजार वातावरणांखाली ठेवले, तर ते सुटले, आणि दाब हळूहळू उतरवल्यावर प्रथिनं बऱ्याच प्रमाणात योग्य घडीत परत आली. कारण तेच. घाईगर्दीत गुंतलेल्या गठ्ठ्यात नीट घातलेल्या घडीपेक्षा जास्त फटी असतात, पाणी आधी तिथे जातं. सात हजारांना अंड्याचा बलक गोठवणारी शक्ती दोन हजारांना गुंता सोडवते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान परत मागे उलटून आकडे तपासले होते.

आता पेशीकडे येते. पेशी एका फटक्यात मरत नाही, तिची कामं एकेक करून बंद पडतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू यासाठी सगळ्यात जास्त अभ्यासला गेला आहे. शंभर वातावरणांच्या आसपास त्याचं पोहणं थांबतं. दोनशे ते पाचशेच्या दरम्यान विभाजन थांबतं. पाचशेच्या पुढे डीएनएची नक्कल, सहाशेच्या आसपास प्रथिनं बनवणारी रायबोसोमची यंत्रणा, त्यानंतर काही अंतराने जनुकांचं वाचन. दोन हजारांच्या आसपास जीवच जातो. यातला विभाजन थांबण्याचा टप्पा विलक्षण आहे. वाढ अजून चालू असते, पण पेशीच्या मधोमध कडं घालून तिला दोन भागांत तोडणारी प्रथिनं नीट जुळू शकत नाहीत. मग तो जिवाणू नुसताच लांब होत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड कांड्यांऐवजी लांबच लांब दोरे दिसतात. दोन व्हायचं होतं, ते एकातच लांबत राहिलेलं. दाब उतरवला की काही वेळाने दोऱ्याच्या आडव्या भिंती पडायला लागतात.

जलयुक्त पेशीच का मरते, हे टार्डिग्रेड या चिमुकल्या जिवाने उलट बाजूने दाखवलं. तो सुकून बारीक पिंपासारखा होतो तेव्हा सहा हजार वातावरणंही सोसतो, हे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. ओला, चालताफिरता असताना मात्र दोन हजारांतच संपतो. सुकलेल्या अवस्थेत फटींत शिरायला पाणीच नसतं.

पेशीभोवतीचं पटल दाबाला आणखी हळवं असतं. ते स्निग्ध रेणूंच्या दोन पदरांचं, तेलासारखं वाहतं. हजार वातावरणांचा दाब त्यावर तितकाच परिणाम करतो जितका तापमान पंधरावीस अंशांनी उतरवल्यावर होईल. तेल थिजतं. त्यातून आरपार बसलेल्या प्रथिनांना हलता येत नाही. मज्जापेशींचे संदेश याच प्रथिनांवर चालतात, आणि इथे एक प्रयोग असा आहे जो मी कधीच विसरणार नाही. १९५० साली जॉन्सन आणि फ्लॅगलर या संशोधकांनी बेडकाची पिल्लं अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात ठेवली. ती गुंगून तळाशी पडून राहिली. मग त्यांनी त्या पाण्यावर काहीशे वातावरणांचा दाब दिला, आणि पिल्लं जागी होऊन पोहायला लागली. अल्कोहोल तसंच होतं. दाब काढला, पुन्हा गुंगली. गुंगी आणणारे रेणू पटलात आणि प्रथिनांत शिरून जागा अडवतात, दाब ती जागा परत आवळतो, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. भूल नेमकी कशी काम करते यावर आजही वाद आहेत. पण काचेमागे अचानक शेपट्या हलायला लागल्या तेव्हा त्या खोलीतल्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

कूर्चेच्या पेशी या सगळ्यातून वाचतात, कारण त्यांच्यावरचा दाब येतो आणि जातो. प्रयोगशाळेत त्यांना चालण्याच्या लयीत पन्नास ते दीडशे वातावरणांचे हलके झटके दिले तर त्या आपल्या भोवतीचं आधाराचं जाळं जास्त बनवतात. तोच दाब फार वाढवला किंवा तसाच धरून ठेवला तर काम मंदावतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला द्रव दाबाने बाहेर पिळला जातो आणि दाब सुटला की परत शोषला जातो, तिचं अन्नपाणी तेच. आजी उठण्याआधी पाय दहाबारा वेळा मागेपुढे हलवायची. मी दर वेळी घाई करायचे.

समुद्राच्या तळाशी मात्र दाब येतजात नाही. तो तिथेच असतो, जन्मापासून. जिवाणू तिथे दाबाने मंद होतात याचा एक पुरावा अपघाताने मिळाला. ऑक्टोबर १९६८ मध्ये ॲल्विन ही तीन माणसांची पाणबुडी अटलांटिक महासागरात, सुमारे १,५४० मीटरवर बुडाली. माणसं वाचली, त्यांचं जेवण आतच राहिलं. दहा महिन्यांनी पाणबुडी वर काढली तेव्हा सँडविच भिजलेले, पण कुजलेले नव्हते. सफरचंदं बऱ्यापैकी होती, थर्मासमधलं सारही चांगलं होतं. वर आणल्यावर हेच पदार्थ शीतकपाटात ठेवले, तर काही आठवड्यांत खराब झाले. थंडी दोन्हीकडे सारखीच होती. खाली भर होती ती दीडशे वातावरणांची.

मग खाली राहणारे जगतात कसे? १९६० च्या जानेवारीत झाक पिकार आणि डॉन वॉल्श मारियाना गर्तेच्या तळाशी उतरले तेव्हा त्यांच्या पाणबुडीच्या गोळ्यावर हजाराहून जास्त वातावरणं होती. त्याच गर्तेतून मिळालेल्या एका चिमुकल्या कवचधारी जिवाच्या शरीरातून अरिस्टाइड्स यायानोस यांनी १९८१ मध्ये एक जिवाणू वेगळा केला. तो दाबाखालीच वाढतो. आपल्या हवेच्या साध्या दाबाला ठेवला की वाढत नाही, आणि काही तासांत जगण्याची क्षमताही हरवत जातो. ज्याला आपण ओझं म्हणतो ते त्याच्या अंगाच्या ठेवणीचा भाग आहे.

मासे आणखी एक युक्ती करतात. त्यांच्या पेशींत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा एक छोटा रेणू असतो. तो पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे पाणी प्रथिनांच्या फटींत शिरायला नाखूश राहतं. समुद्रातला मासा मेला की जिवाणू याच रेणूचं ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तो ओळखीचा वास सुटतो. पॉल यान्सी यांनी खोलखोलच्या माशांत हा रेणू मोजला, तर खोलीबरोबर तो सरळ रेषेत वाढत होता. पण तो जितका जास्त, तितकं माशाचं शरीर खारट. ८,२०० मीटरच्या आसपास ते समुद्राइतकंच खारट होतं. त्याच्या खाली गेलं तर समुद्राचं पाणी शरीरात ओढलं जाऊ लागेल. म्हणून माशाची सीमा तिथेच असावी, असं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझु-ओगासावारा गर्तेत एका स्नेलफिशचं चित्रण झालं. खोली होती ८,३३६ मीटर. एका रेणूच्या मोजमापावरून सांगितलेली सीमा जिवंत माशाने जवळजवळ तंतोतंत पाळलेली पाहून मला भरून आलं होतं. तो मासा फिकट गुलाबी, लिबलिबीत, हाडं मऊ. दाबाला तोंड देणाऱ्याच्या अंगावर चिलखत असेल अशी जी कल्पना मी लहानपणापासून बाळगली होती ती त्या चित्रणाने पुसली.

सगळ्यात मऊ म्हणजे कोम्ब जेली. काचेसारखं पारदर्शक अंग आणि त्यावर इंद्रधनुष्यासारख्या झळकणाऱ्या केसांच्या ओळी. खोलवरच्या काही जाती वर आणल्या की हातात येईपर्यंत अक्षरशः विरघळून जातात. २०२४ मध्ये त्याचं एक कारण सापडलं, आणि ते पटलात आहे. या जिवांच्या पटलांत प्लाझ्मालोजेन नावाचे स्निग्ध रेणू भरपूर असतात. त्यांचा आकार शंकूसारखा, शेपट्या फाकलेल्या. खालच्या दाबात त्या शेपट्या आवळल्या जातात आणि पटल हवं तितकंच सपाट, हवं तितकंच लवचिक राहतं. वर आलं की शेपट्या इतक्या फाकतात की पटल पटलासारखं राहतच नाही. संशोधकांनी ई. कोलायला हे रेणू बनवायला लावलं, तेव्हा तो दाब पूर्वीपेक्षा चांगला सोसू लागला. हेच प्लाझ्मालोजेन आपल्या मेंदूतही मुबलक असतात. आपण इथे, हवेच्या तळाशी, त्यांचं काय करतो, हे मला समजून घ्यायचं आहे.

म्हणून आता खोलवरचे काही जीव दाबासकट वर आणतात. पोलादी पात्र तळाशी उघडायचं, जीव आत आला की तिथेच बंद करायचं, आणि तो दाब न सोडता जहाजावर घ्यायचं. पात्र दिसायला ब्रिजमन यांच्या नळकांड्याच्या जातीचंच, तितकंच जाड आणि तितकंच जड. त्या नळकांड्यात दाब बाहेरून घातलेला होता, इथे तो आतल्याचा स्वतःचा आहे. भिंतीत एक छोटी जाड खिडकी असते. जहाजावरचा माणूस तिला डोळा लावतो, पलीकडे दिवा धरतो, आणि दोनशेहून जास्त वातावरणांत एक कोळंबी शांतपणे मिशा हलवत असते.